लग्नाचा बस्ता आणि पदराची मागची बाजू

विवाहाची तिथी निश्चित झाली आणि कार्यालयाचे आरक्षण झाले की घरोघरी चर्चेचा पहिला विषय असतो तो बस्त्याचा. वधूवरांची वस्त्रे, दोन्हीकडच्या विहिणींच्या साड्या, आत्या, मामी, करवल्या यांचा मान, व्याह्यांचा पोशाख, टॉवेल-टोपी असे सारे कापड एकाच दुकानातून, शक्यतो एकाच बैठकीत काढावे आणि त्याचा गठ्ठा बांधून घरी न्यावा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. दुकानदार चहा मागवतो, गादीवर साड्यांचा ढीग पडतो, जाणत्या बायका पोत चाचपून पाहतात, मुली आरशासमोर पदर खांद्यावर टाकून पाहतात आणि पुरुष मंडळी बाजूला बसून बेरीज करीत राहतात. शेवटी घासाघीस होते ती एकूण रकमेवर. एकूण बिलात काही टक्के सूट मिळाली, वर एखादी साडी भेट मिळाली की सर्वांना समाधान वाटते.

या पद्धतीत एक अडचण लपलेली असते. बस्त्यातील वीस-पंचवीस वस्त्रांपैकी एकच वस्त्र असे असते की ज्याचे मोल बाकी साऱ्या गठ्ठ्याच्या बरोबरीचे किंवा त्याहून अधिक असते. ते म्हणजे वधूचा शालू किंवा पैठणी. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या दोन पैठण्यांपैकी एक चार हजारांना आणि दुसरी चाळीस हजारांना असू शकते. हा फरक कशाचा, हे न समजता केलेली घासाघीस ग्राहकाच्या फायद्याची ठरण्याचा संभव कमीच. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा विशिष्ट क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. त्याच लग्नातील, कित्येकदा एखाद्या अंगठीहून महाग असलेली साडी मात्र आपण दुकानदाराच्या शब्दावर घेतो. ती पारखण्याचे साधन प्रत्येकाच्या हाताशी असते. साडी उलटी करून पाहायची आणि तिची मागची बाजू वाचायची, एवढेच ते साधन. पण ती वाचावी कशी, यासाठी माग थोडा समजून घ्यावा लागतो.

पूर्वी मराठी घरात लग्नाची साडी म्हणजे शालू, आणि शालू म्हणजे बहुधा बनारसचा. मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री वेगळी आणि लग्न लागल्यावर नेसायचा शालू वेगळा. पैठणी ही सरदार-सावकारांच्या घरची, पिढ्यानपिढ्या फडताळात जपलेली चीज होती. सामान्य घरात ती असलीच तर आजीकडून आलेली. गेल्या पंचवीस वर्षांत हे चित्र बदलले. २००४ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमात विजेत्या गृहिणीला पैठणी मिळू लागली आणि पैठणीचे नाव घरोघर पोहोचले. आज इंदूर, बडोदे, बेंगळुरू किंवा दिल्ली येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातही मुलीच्या लग्नात पैठणी हवीच असते. मागणी वाढली, परंतु हातमागावर विणणाऱ्यांचे हात त्या प्रमाणात वाढणे शक्य नव्हते. ती पोकळी यंत्रमागाने भरून काढली. ‘सेमी पैठणी’ या नावाने विकली जाणारी साडी ती हीच.

सेमी पैठणी घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. करवल्यांना एकसारख्या साड्या द्यायच्या असतील तर ती सोयीची आणि सुबक आहे. प्रश्न उद्भवतो तो यंत्रमागाची साडी हातमागाच्या भावाने गळ्यात पडते तेव्हा. त्यात ग्राहकाचे पैसे जातातच. शिवाय ज्याने महिनोन्महिने मागावर बसून खरी पैठणी विणली, त्याच्या मालाचा भावही त्याच बाजारात पाडला जातो.

पैठणी हे नाव गोदावरीकाठच्या पैठणवरून आले. सातवाहनांची राजधानी असलेले हे प्राचीन प्रतिष्ठान. आज मात्र पैठणीचे सर्वांत मोठे केंद्र आहे नाशिक जिल्ह्यातील येवले. तात्या टोपे यांचे हे जन्मगाव आणि १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेही हेच गाव. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावात पैठणीची दुकाने ओळीने लागतात आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांतून मागाचा ठोका ऐकू येतो. लग्नाच्या हंगामात दूरदूरची कुटुंबे गाडी करून येथे येतात. दुकान येवल्यात आहे म्हणून त्यातील प्रत्येक साडी येवल्याच्या मागावरचीच असेल, असे मात्र गृहीत धरू नये.

विणकर खड्ड्याच्या मागावर, पाय खाली सोडून बसतो. समोर उभ्या धाग्यांचा, म्हणजे ताण्याचा पडदा असतो. साडीच्या अंगात आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्यातून या काठापासून त्या काठापर्यंत जातो. जिच्यात एकच धोटा फिरतो ती ‘एकधोटी’. काठ आणि अंग यांचे रंग पूर्णपणे वेगळे राखायचे असतील तर तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. जेथे काठ संपतो आणि अंग सुरू होते तेथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत फिरवले जातात. या जोडाला कडियल म्हणतात. उलट ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा ठेवला की अंगावर धूपछांव उमटते. साडी हलवली की एकदा एक रंग झळकतो, एकदा दुसरा.

खरी कसोटी पदरावर लागते. पदराची जमीन जरीची आणि त्यावरचे मोर, पोपट, कमळे, वेली रंगीत रेशमाच्या. येथे धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगासाठी रेशीम गुंडाळलेली एकेक लहान तिल्ली असते आणि भरगच्च पदरावर अशा कित्येक तिल्ल्या एका ओळीत लोंबकळत असतात. विणकर ताण्याचे धागे मोजतो, हिरवी तिल्ली पोपटाच्या अंगाएवढ्या धाग्यांतून नेतो, तेथे शेजारच्या जरीत अडकवून मागे फिरवतो, मग पुढची जरीची तिल्ली उचलतो. अशी एक आडवी ओळ पूर्ण झाली की फणी ठोकायची आणि पुढची ओळ सुरू करायची. पोपटाच्या चोचीवरचा तांबडा ठिपका हा एवढ्याशा जागेपुरत्या वेगळ्या तिल्लीचा असतो. मोराभोवती बांगडीचे वर्तुळ असलेला बांगडी-मोर, पोपटांची मुनिया, फुलांची वेल असावली, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची आठवण देणारे कमळ, काठावरची नारळी अशी या नक्षीची नावे आहेत आणि प्रत्येकीची मोजणी निराळी आहे. साध्या नारळी काठाची, लहान पदराची साडी काही आठवड्यांत उतरते. मोठा पदर आणि अंगभर नक्षी असेल तर अनेक महिने जातात. पैठणीच्या किमतीतील मोठा वाटा या दिवसांचा असतो.

आता पदर उलटा करावा. प्रत्येक धागा आपल्या नक्षीपुरताच जाऊन परत फिरलेला असल्याने मागच्या बाजूला एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत लोंबणारे धागे दिसत नाहीत. मागची नक्षी जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ असते. फार तर तिल्ली बदलल्याच्या खुणा, धाग्यांची बारीक टोके आढळतात. यंत्रमागावर जॅकार्डने नक्षी काढताना मात्र प्रत्येक रंगाचा धागा साडीच्या रुंदीभर धावतो. जेथे तो पुढे नको असतो तेथे तो मागे मोकळा राहतो. म्हणून सेमी पैठणीच्या पदरामागे धाग्यांचे दाट आडवे पट्टे दिसतात, किंवा ते कापून टाकल्याने उरलेली झालर दिसते. बांगडी त्यात अडकू नये म्हणून काही वेळा मागे जाळीचे कापडही लावलेले असते. आणखी एक खूण डोळ्यांना सवय झाली की लक्षात येते. हाताने विणलेल्या पदरावरील दोन शेजारचे मोर अगदी तंतोतंत सारखे नसतात; एकाची मान एखाद्या धाग्याने लांब, दुसऱ्याचा पिसारा किंचित पसरट. यंत्राचे मोर एकाच साच्यातले असतात.

येथे एक खबरदारी घ्यावी. हातमागालाही जॅकार्ड जोडता येते आणि अलीकडे अनेक हातमागाच्या पैठण्यांचे रुंद ब्रोकेड काठ तशा पद्धतीने विणले जातात. काठामागे मोकळे धागे दिसले म्हणून साडी यंत्रमागाची, असा निष्कर्ष लगेच काढणे विणकरावर अन्यायाचे होईल. निर्णय पदरावरून करावा.

बनारसी शालू घ्यायचा असेल तर हीच पाहणी थोड्या वेगळ्या रीतीने करावी लागते. बनारसमध्ये ‘कढुआ’ पद्धतीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणली जाते आणि मागे मोकळा धागा राहत नाही. ‘फेकवा’ पद्धतीत धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकला जातो आणि विणून झाल्यावर बुट्ट्यांमधला भाग कापून काढतात. दोन्ही पद्धती हातमागाच्याच असू शकतात, पण कढुआला वेळ पुष्कळ अधिक लागतो आणि त्याची किंमतही तशीच असते. शालूची मागची बाजू कापलेल्या धाग्यांची दिसली तर तो खोटा ठरत नाही. मात्र त्याला कढुआचा भाव देण्याचे कारण नाही. दक्षिणेतील कांचीपुरम् साडीत काठ आणि अंग यांच्या जोडाला कोरवई म्हणतात आणि तो जोड पाहणे हीच तेथील पहिली पारख. कर्नाटक-तमिळनाडूत राहणाऱ्या मराठी घरांतून आता लग्नासाठी तीही घेतली जाते, म्हणून हा उल्लेख.

माग ओळखला तरी जर ओळखणे बाकी राहते, आणि ग्राहकाची सर्वाधिक फसगत होण्याचा संभव येथेच असतो. अस्सल जर म्हणजे चांदीची अतिशय बारीक तार चपटी करून रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. सुरत हे या धंद्याचे मोठे केंद्र. दुसरा प्रकार ‘टेस्टेड’ जरीचा. नावावरून ती तपासून प्रमाणित केलेली असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यात तांब्याची तार असते आणि तिच्यावर चांदीचा हात फिरवलेला असतो. तिसरा प्रकार म्हणजे चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या फितीची जर. ती हलकी असते, काळी पडत नाही आणि ज्योतीजवळ नेली की आखडून वितळते. पहिल्या दोहोंतील फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही. जरीचे एखादे सुटे टोक मिळाले तर ते नखाने किंवा खरखरीत दगडावर घासून पाहावे. आत तांबूस छटा दिसली तर ती तांब्याची, पांढरी चमक राहिली तर चांदीची. नेमके प्रमाण कळायचे तर प्रयोगशाळेचीच कसोटी लागते.

अंगाने पूर्ण हातमागाची, रेशीम शुद्ध, पण जर टेस्टेड, अशी पैठणी बाजारात सर्रास मिळते आणि ती घेण्यात काहीही गैर नाही. किंबहुना नेहमीच्या वापराला ती परवडणारी. गैर ठरते ते तिला अस्सल जरीचा भाव लावणे. म्हणून दुकानात ‘जर कोणती?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि मिळालेले उत्तर बिलावर लिहून मागावे. उत्तर खरे असेल तर लिहून देण्यास दुकानदाराची हरकत असण्याचे कारण नाही. लिहून देण्याची वेळ आली की पुष्कळदा उत्तर बदलते, हेही ध्यानात ठेवावे.

रेशमाची परीक्षा त्या मानाने सोपी. पदराच्या टोकाच्या झालरीतून उभा एक आणि आडवा एक असे धागे वेगवेगळे काढून जाळून पाहावेत. शुद्ध रेशीम संथपणे जळते, जळालेल्या केसांसारखा वास येतो आणि मागे उरलेला काळा मणी बोटांत चुरगाळला की त्याची पूड होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक गोळा उरतो. कागद जळाल्यासारखा वास आला तर तो कृत्रिम रेशमाचा धागा समजावा. दोन्ही दिशांचे धागे तपासण्याचे कारण असे की ताणा रेशमाचा आणि बाणा दुसऱ्याच कशाचा, अशा साड्याही विकल्या जातात. साडी जड आहे म्हणजे ती भारी आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. तांबेही जड असते.

ग्राहकाला एवढी सारी परीक्षा स्वतः करावी लागू नये म्हणून काही चिन्हे अस्तित्वात आली. त्यांची गल्लत फार होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली ‘सिल्क मार्क’ सुरू झाले. क्रमांक असलेल्या होलोग्रामचे हे लेबल वस्त्र शुद्ध नैसर्गिक रेशमाचे असल्याची ग्वाही देते. ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, याविषयी सिल्क मार्क काहीही सांगत नाही. त्यासाठी २००६ पासूनचे ‘हँडलूम मार्क’ पाहावे लागते. ७ ऑगस्ट २०१५ रोजी, पहिल्या राष्ट्रीय हातमाग दिनी, ‘इंडिया हँडलूम ब्रँड’ सुरू झाला. तो हातमागाच्या जोडीला गुणवत्तेचीही हमी देतो. ७ ऑगस्ट ही तारीख १९०५ साली कोलकात्यात पुकारलेल्या स्वदेशी चळवळीच्या स्मरणार्थ निवडलेली आहे. याखेरीज भौगोलिक मानांकन आहे. कांचीपुरम् रेशीम, बनारसी साड्या आणि पैठणी या तिन्हींना ते मिळालेले असून पैठणीची नोंद २०१० सालची आहे. ते विशिष्ट प्रदेशातील विशिष्ट पद्धतीच्या विणकामाला मिळते. थोडक्यात, धागा कोणता, माग कोणता आणि गाव कोणते, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळी चिन्हे देतात. जरीविषयी यांतील एकही चिन्ह ग्राहकाला थेट काही सांगत नाही. यंत्रमागाच्या साडीवरील खरेखुरे सिल्क मार्क दाखवून तिला हातमागाची म्हणून विकणे यामुळेच शक्य होते. लेबल खोटे नसते, त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो.

काही वस्तू केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्रीय कायदा १९८५ सालचा आहे आणि साडीचे ठरावीक प्रकार त्या यादीत येतात. परंतु प्रत्येक दुकानात निरीक्षक उभा राहू शकत नाही. ग्राहकाच्या हाती असलेले खरे शस्त्र बिलच.

वधूच्या साडीचे बिल बस्त्याच्या एकत्रित बिलातून वेगळे काढून घ्यावे, ही पहिली सूचना. एकूण रकमेवर सूट मिळाली की त्या साडीची खरी किंमत त्या बेरजेत विरघळून जाते आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर नेमके काय कितीला घेतले हेच सांगता येत नाही. बिलावर ‘साडी १ नग’ एवढेच न लिहिता हातमाग की यंत्रमाग, शुद्ध रेशीम की मिश्र, जर कोणती, हे लिहून घ्यावे. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीनेही बिलातील तपशील महत्त्वाचा आहे. न शिवलेली साडी कापड या सदरात येते आणि तिच्यावर ५ टक्के कर लागतो. शिवलेल्या कपड्यांच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के असा दर आहे. स्वागत समारंभासाठी तयार घागरा किंवा वरासाठी शेरवानी घेणाऱ्यांनी हा फरक अंदाजपत्रकात आधीच धरावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा मानली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पाहून गप्प बसण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अर्थात हातमागाच्या साडीतील एखादी गाठ किंवा मोराच्या मानेतील तो एक धाग्याचा फरक हा दोष नव्हे, हे समजूतदार ग्राहकाला सांगावे लागत नाही.

मनासारखी पैठणी हवी असेल तर ती सांगून विणून घेण्याची पद्धत आजही चालू आहे. वेळ मात्र हाती ठेवावा लागतो. लग्न मार्गशीर्षात आणि साडी सांगायला दिवाळीत गेले, तर विणकर नाइलाजाने तयार साडीच दाखवणार. रंग, काठ, पदराची लांबी, जर, मुदत आणि किंमत या गोष्टी कागदावर याव्यात. आगाऊ रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात द्यावी, म्हणजे तिची नोंद राहते. उरलेली रक्कम देण्यापूर्वी साडी दिवसाच्या उजेडात पूर्ण उलगडून पाहावी. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली टेस्टेड जरही सोन्यासारखीच झळकते.

पैशाची सोय हा विषय बँकेच्या ग्राहकांपुढे मांडताना एक साधे गणित उपयोगी पडेल. समजा साडीसाठी ३६,००० रुपये लागणार आहेत. दीड वर्ष आधी दरमहा २,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर १८ महिन्यांनी भरलेल्या ३६,००० रुपयांवर सुमारे १,७०० रुपये व्याज जमा होते. हीच रक्कम ऐन वेळी १२ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून उभी केली आणि १८ हप्त्यांत फेडली, तर दरमहा सुमारे २,१९५ रुपये भरावे लागतात आणि व्याजापोटी जवळपास ३,५०० रुपये जातात. प्रत्यक्ष दर बँकेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतील, पण दोन्ही मार्गांतील अंतर सुमारे ५,००० रुपयांचे आहे. एवढ्या पैशात एका करवलीची साडी सहज बसते. क्रेडिट कार्डावर खरेदी करून पुढच्या महिन्यात केवळ किमान रक्कम भरत राहणे हा तर सर्वांत महाग मार्ग. मुलीच्या लग्नाचे दागिने आपण वर्षानुवर्षे थोडे थोडे जमवतो; साडीसाठी मात्र शेवटच्या महिन्यात धावाधाव करतो, हे थोडे विचित्रच आहे.

मागाच्या दुसऱ्या बाजूलाही बँक असते. रेशीम आणि जर रोखीने घ्यावी लागते आणि साडी विकली जाईपर्यंत विणकराच्या हाती काही पडत नाही. हे भांडवल व्यापाऱ्याने पुरवले की साडीवर हक्क त्याचा आणि विणकराच्या वाट्याला केवळ मजुरी, असा हा जुना व्यवहार आहे. यातून वाट काढण्यासाठी विणकरांना बँकांमार्फत मुद्रा योजनेखाली ६ टक्के सवलतीच्या दराने कर्ज देण्याची व्यवस्था केंद्र सरकारने केली. तरीही या व्यवसायातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २००९-१० च्या हातमाग गणनेत देशभरात ४३ लाखांहून अधिक हातमाग कामगार होते. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ते ३५ लाखांच्या आसपास उरले. त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे मजुरीच्या हिशेबात फारशी दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मागावर एक ओळही विणली जात नाही. हातमागाचा भाव देऊन हातमागाचीच साडी घेणारा ग्राहक मिळाला, तरच या घरांतील पुढची पिढी मागावर बसेल. येवल्यातील एखाद्या शाखेत विणकराचा कर्जाचा अर्ज आणि शहरातील एखाद्या शाखेत वधूपित्याची आवर्ती ठेव, अशी एकाच पैठणीची दोन टोके बँकेच्या दोन शाखांत असू शकतात.

लग्न पार पडले की साडी लगेच कपाटात ठेवू नये. घाम आणि अत्तर यांनी चांदीची जर काळवंडते. म्हणून ती आधी सावलीत, हवेशीर जागी काही तास पसरून ठेवावी. अत्तर लावायचेच असेल तर साडी नेसण्यापूर्वी लावावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, त्याऐवजी धुतलेल्या मऊ सुती कापडात, जुन्या पांढऱ्या धोतरात किंवा मलमलीत गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या ठिकाणी मोडावी, नाहीतर जर आणि रेशीम त्याच रेषेवर चिरते. जुन्या शालूंची दैना बहुतेक वेळा घडीवरच झालेली आढळते. अशी घडीवर विरलेली आजीची पैठणी घरात असेल तर ती मोडीत काढण्याची घाई करू नये. जरीची चांदी गाळून वजनावर पैसे देणारे भेटतात, पण रेशमाचे अंग विरले तरी तिचा विणलेला पदर आणि काठ अनेकदा शाबूत असतात. ते अलगद उसवून नव्या रेशमी अंगावर चढवून देणारे कारागीर आहेत. काम नाजूक आहे आणि खर्चही होतो, परंतु तो नव्या पैठणीच्या मानाने थोडा, आणि बस्त्याच्या यादीतील सर्वांत मोठी रक्कम त्याने खाली येऊ शकते.